स्कूल बसचं मागचं दार

बस हलली तेव्हा मी शेवटच्या सीटखाली डोकं घालून आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचत होतो. सिलिंडरची मुदत गेल्या महिन्यात संपली होती. मी ते वहीत लिहायला घेतलं आणि अक्षर वाकडं यायला लागलं, कारण बसचं तोंड वर उचललं जात होतं.

मी उभा राहीपर्यंत पुढची चाकं जमिनीपासून हातभर वर गेली होती. माझा तोल गेला आणि मी मागच्या बाकावर बसलो. पुढे क्रेनचं इंजिन गुरगुरलं, आणि बस रस्त्याला लागली. आत मी एकटा होतो.

मी मोटार वाहन निरीक्षक आहे. लोक आम्हाला 'आरटीओवाले' म्हणतात, आणि म्हणताना थोडं तोंड वाकडं करतात. माझी बरीचशी नोकरी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत झाली. हा प्रसंग त्यातल्या कोणत्या जिल्ह्यातला ते सांगत नाही. नांदेडचे मित्र म्हणतील लातूरचा, लातूरचे म्हणतील नांदेडचा, आणि मला दोन्हीकडे अजून चहाला जायचं आहे.

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. दर वर्षी या दिवसांत स्कूल बस तपासणीची मोहीम असते. मुलं आत असताना बस अडवून ठेवायची नाही, हा आमचा पहिला नियम. आधी मुलं शाळेत, मग कागद. म्हणून आम्ही शाळेपासून पुढे एका फाट्यावर थांबलो होतो आणि रिकाम्या परतणाऱ्या बस तपासत होतो. ही बस त्यातली तिसरी. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला, चालू होता. विमा मात्र संपलेला होता, आणि ड्रायव्हरकडे प्रवासी गाडी चालवायचा बॅज नव्हता.

"बॅज घरी हाय साहेब. आन्तो," ड्रायव्हर म्हणाला आणि चावी खिशात घालून शेजारच्या उसात शिरला.

उसात शिरलेला ड्रायव्हर त्या दिवशी परत येत नाही, हे या खात्यात पहिल्याच वर्षी कळतं. बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक मावशी होत्या. त्या "मी शाळंत सांगून येते" म्हणून चालत निघून गेल्या. चावी नाही, ड्रायव्हर नाही. मी क्रेन मागवली.

क्रेन रहीमभाईची. रहीमभाई मूळचा देगलूरचा. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं बोलतो, आणि कोणाशी काय बोलायचं ते माणसाच्या टोपीवरून ठरवतो. कामाला एक नंबर. त्याची पद्धत ठरलेली आहे. गाडी उचलायच्या आधी तो तिची दारं दोरीने बाहेरून बांधतो. एकदा ओढून नेताना एका मिनीबसचं दार उघडलं होतं आणि शेजारून जाणाऱ्या दूधवाल्याच्या मोटारसायकलला लागलं होतं. तेव्हापासून आधी दोरी, मग हुक.

मी त्याला म्हणालो होतो, "तुम्ही तयारी करा, मी जरा आतून बघतो. मग क्रेनसोबतच येतो." हे आमच्या जीपच्या ड्रायव्हरने, माधवने, ऐकलं. त्याचा समज झाला की साहेब क्रेनमध्ये बसून येणार, आणि तो जीप घेऊन पुढे निघून गेला. जीप गेलेली रहीमभाईने पाहिली. त्याचा समज झाला की साहेब जीपमधून गेले. दोघांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. माझा मोबाईल जीपमध्ये चार्जिंगला होता.

ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत माणूस बसलेला नसावा, असा नियम आहे. त्याचं कारण सोपं आहे. हुक सुटला, दोर तुटला, तर आतल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. हा नियम मी स्वतः रहीमभाईला दोनदा समजावून सांगितला होता.

पहिली काही मिनिटं मी शांत होतो. हाक मारली की थांबेल, असं वाटत होतं. मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. क्रेनचा आवाज असा होता की माझी हाक मलाच नीट ऐकू आली नाही. मी सीटा धरत धरत चढ चढून पुढे गेलो. मुलांच्या बाजूचं दार ढकललं. ते दोन बोटं उघडलं आणि दोरीला अडलं. गाठ रहीमभाईची होती, ती सुटणार नव्हती. ड्रायव्हरच्या केबिनला मागून जाळी होती, जाळीला छोटं दार होतं, आणि त्या दाराला कुलूप. त्याची चावीसुद्धा उसात गेली होती.

राहिल्या खिडक्या. स्कूल बसच्या खिडक्यांना आडवे गज असतात. मुलांनी डोकं किंवा हात बाहेर काढू नये म्हणून ते लावायला आम्हीच सांगतो. गज चांगले भक्कम होते. मी एक हलवून पाहिला आणि बसवणाऱ्याला मनात शाबासकी दिली.

अशा वेळेसाठीच स्कूल बसला आपत्कालीन दार असतं. पुढचं दार अडकलं, बस उलटली, धूर झाला, तर मुलांनी मागून उतरायचं. या बसला ते मागे होतं, लाल अक्षरात नाव लिहिलेलं. मी घसरत परत मागे गेलो. हँडल फिरवलं. 'खट' असा आवाज आला. दार ढकललं. ते हललं नाही.

परत फिरवलं. खट. खांदा लावला. दार तसंच.

चालत्या बसमधून मी उडी मारणार नव्हतो, एवढी अक्कल शाबूत होती. दार उघडून रस्त्यावरच्या कोणाला तरी सांगावं, एवढाच विचार. चौथ्या की पाचव्या वेळी हँडल फिरवलं तेव्हा तो खट आवाज मला ओळखीचा वाटला. हा आवाज मी आधी ऐकला होता, याच बसमध्ये. खिशातल्या कागदांमध्ये फिटनेसची प्रत होती. ती काढून पाहिली. खाली सही माझी.

तो दिवस मला आठवला. उन्हाळा होता. आमच्या ऑफिसच्या मैदानात भिंतीलगत एकच कडुनिंब आहे. तपासणीच्या गाड्या सावलीसाठी पाठ भिंतीला लावून उभ्या करतात, म्हणजे निदान अर्धी गाडी तरी तापत नाही. त्या दिवशी गाड्या खूप होत्या. गाडी पुढे घ्यायला लावायची, मागे जाऊन दार उघडून पाहायचं, परत गाडी मागे लावायची, हे कोण करणार? मी आतून हँडल फिरवलं होतं. खट आवाज आला होता. मी टिक केली होती आणि पाणी प्यायला गेलो होतो.

खरं सांगतो, तोपर्यंत मला राग आला होता, आता भीती वाटली. माझ्या जिवाची फार नाही, कारण क्रेन ताशी वीसच्या वर जात नव्हती. मी समोरच्या सीटा पाहिल्या. लहान मुलांच्या सीटा ठेंगण्या असतात. एका सीटवर कोणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती. या बसने रोज तीसेक मुलं ये-जा करत होती आणि त्यांना बाहेर पडायला एकच दार होतं. दुसरं आहे, असं मी लिहून दिलं होतं.

बाहेरचं जग मात्र मजेत होतं. मी गजांतून हात काढून हलवत होतो. एका बाईने कडेवरच्या पोराचा हात धरून मला टाटा करायला लावलं. मोटारसायकलवरचे दोघं बराच वेळ बसच्या बाजूने चालले. मी ओरडलो, "क्रेन थांबवायला सांगा!"

मागे बसलेल्याने ऐकलं. ते पुढे गेले, क्रेनशेजारी गाडी नेली, रहीमभाईला काहीतरी बोलले आणि निघून गेले. क्रेन थांबली नाही. त्यांचं काय बोलणं झालं ते रहीमभाईने मला नंतर सांगितलं.

"ते म्हनले, आत मानूस हाय. मी म्हनलं, न्हाई, रिकामी हाय. ते म्हनले, वरडून राहिला. मी म्हनलं, ड्रायव्हर लपून बसला असल, वरडू दे. ऑफिसात साहेब हायेत, ते बघतेल."

पाऊण तासाने आम्ही ऑफिसच्या आवारात शिरलो. माधव जीपला टेकून उभा होता. आमचे मोठे साहेब, म्हणजे ऑफिसचे प्रमुख, व्हरांड्यात चहा पीत होते. रहीमभाई खाली उतरला, मागे आला, आणि गजांतून त्याला मी दिसलो.

"तोबा," तो हळूच म्हणाला. "साब, तुम्ही जीपमधी व्हते ना?"

"नव्हतो."

त्याने दोरी सोडली. मी उतरलो. शर्ट पाठीला चिकटला होता आणि गुडघ्याला ग्रीस. साहेब कप घेऊन पायऱ्या उतरून आले.

"आत काय करत होता तुम्ही?"

"तपासणी, सर."

"एवढा वेळ?"

"आज पूर्ण केली, सर."

मी बसच्या मागे गेलो. मागे शाळेचा फ्लेक्स ताणून बांधला होता: 'प्रवेश सुरू आहे', खाली हसणारी दोन मुलं. फ्लेक्स सोडला. त्याच्याखाली आपत्कालीन दार, दाराला बाहेरून वेल्डिंग करून बसवलेली लोखंडी कडी, आणि कडीत जाड तार. पकडीने घट्ट पीळ दिलेली. पीळ व्यवस्थित होता, कोणीतरी मन लावून दिलेला.

दुपारी त्या मावशी आल्या. त्यांचं नाव कौसाबाई. सोबत शाळेचे सचिव होते. कौसाबाईंना बसमध्ये राहिलेली ती पाण्याची बाटली हवी होती. दुसरीतल्या एका पोरीची होती, ती शाळेत रडत होती.

मी विचारलं, "मागच्या दाराला तार कोणी बांधली?"

सचिव म्हणाले, "ड्रायव्हरचं काम असल साहेब. त्याला आजच काढून टाकतो."

"त्यानं न्हाई, मी बांधली," कौसाबाई म्हणाल्या. "त्याचं नाव कामून घेता?"

सचिवांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सचिवांकडे पाहिलंच नाही.

"गेल्या साली कारखान्याच्या वळणाला एका पोरानं खटका फिरवला. गाडी गतिरोधकावर उडली, दार उघडलं. पोरगं अर्धं भायेर. मी कॉलर धरून आत ओढलं. दप्तर रस्त्यावर गेलं. तवापासून मला झोप न्हाई लागायची. मंग मीच वेल्डिंगवाल्याकडं जाऊन कडी बसवून घेतली. महिन्यातून एकदा पीळ बगते, सैल झाला का म्हनून."

"मावशी, आग लागली असती तर?"

"आग कवा लागती साहेब? दार तर पोरं रोज उघडून राहिले व्हते."

वर्षानुवर्षं या रस्त्यावर मुलांसोबत जाणाऱ्या बाईने जे संकट डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचा बंदोबस्त केला होता. न पाहिलेल्या संकटाचा बंदोबस्त करायला सरकार मला पगार देतं.

"आन साहेब," त्या पुढे म्हणाल्या, "तुमी फिटनेसला बगितली तवा बी तार व्हतीच. मी तितंच उभी व्हते. तुमी आतून खटका फिरवला आन उतरून गेले. मला वाटलं, साहेबाला बी पटलं."

माधव खोलीत काहीतरी शोधत होता, तो शोधायचं थांबला. सचिवांनी कौसाबाईंना बाटली घेऊन बाहेर थांबायला सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. विमा आज भरतो. बॅजवाला ड्रायव्हर उद्या ठेवतो. तार तर आत्ताच तोडतो. दंड काय होईल तो करा. फकत रिपोर्टात दाराचं लिहू नका. आमच्याबी शाळंची बदनामी, आन तुमच्याबी सहीचा प्रश्न. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी लगेच नाही म्हणालो, असं लिहायला आवडलं असतं. मी म्हणालो, "बघतो." तो माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. तार तुटली की दार उघडणार, मुलं सुरक्षित, मग कोणाचं काय बिघडतं? निवृत्तीला माझी चार वर्षं राहिली होती. सर्व्हिस बुकावर, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीवर, एक डाग नव्हता. मुलीच्या सासरी 'आमचे व्याही फार कडक' असं सांगतात.

मी टेबलावर अहवालाचा कागद घेऊन बसलो. विमा लिहिला. बॅज लिहिला. सिलिंडर लिहिला. मग थांबलो. अडचण या एका बसची नव्हती. त्या उन्हाळ्यात त्याच कडुनिंबाखाली, त्याच भिंतीला पाठ लावून, मी जिल्ह्यातल्या इतर कितीतरी स्कूल बस तपासल्या होत्या. सगळ्यांची हँडलं फिरवली होती. दारं किती उघडली होती, ते मला माहीत होतं. एकही नाही. हे दार 'आज नादुरुस्त आढळले' असं लिहिलं तर प्रकरण या बसपुरतं मिटणार होतं. बाकीच्या रोज सकाळी मुलं घेऊन निघणार होत्या.

मी लिहिलं: 'आपत्कालीन दार बाहेरून तारेने बांधलेले आहे. योग्यता तपासणीच्या दिवशीही ते बांधलेलेच होते. ती तपासणी मी केली होती व दार उघडून पाहिले नव्हते. या मोसमात मी तपासलेल्या सर्व स्कूल बसची फेरतपासणी करावी.'

मोठ्या साहेबांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढला.

"मधली दोन वाक्यं हवीतच का?"

"ती काढली तर शेवटच्या वाक्याला कारण राहत नाही, सर."

"कारणे दाखवा नोटीस मलाच काढावी लागेल. तुमच्या नावाने."

"काढा."

"उत्तरात काय लिहिणार?"

"सावलीत गाडी उभी होती, सर. दुसरं काही कारण नाही."

साहेबांनी खिडकीतून त्या कडुनिंबाकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "त्या झाडाखाली मीही निरीक्षक होतो."

फेरतपासणी आठवडाभर चालली. गाड्या भर उन्हात, मैदानाच्या मधोमध. मालक लोक वैतागले. 'ऊन लागून राहिलं साहेब' असं सगळ्यांनी सांगितलं, जणू मी छत्री घेऊन उभा होतो. पाच बसची दारं उघडली नाहीत. एका बसमध्ये दारासमोर जादा बाक टाकलेला होता. एकीचं दार रंगाने चिकटलं होतं. पिवळ्या रंगाचे दोन हात मारले होते, नियमाप्रमाणे. एका मालकाने "उघडतंय की" म्हणून लाथ घातली, तेव्हा दार उघडलं आणि बिजागरीसकट खाली पडलं. बाकीच्या दोघींच्या दारांना कड्या होत्या. कौसाबाईंसारखीच माणसं सगळीकडे आहेत.

त्या पाच बस दुरुस्त होईपर्यंत उभ्या राहिल्या. दरम्यान त्यांची मुलं काळ्या-पिवळ्या जीपमधून शाळेत गेली, काही टपावर नसली तरी मागे लटकून. त्यातल्या दोन जीप मीच पकडल्या. पालकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात खोटं काही नव्हतं. नियम पाळायला लावला की मधल्या दिवसांत मुलं कशी जाणार, याचं कलम कोणत्याही पुस्तकात नाही. मी साहेबांच्या मागे लागून शाळांच्या सकाळच्या वेळेला एसटीच्या दोन जादा फेऱ्या मागितल्या. एक मिळाली.

त्या पहिल्या बसची तपासणी शेवटी झाली. कडी कापून टाकली होती आणि दाराला बेल बसवली होती. खटका फिरवला की ती ड्रायव्हरजवळ वाजते. चालत्या गाडीत कोणी खटक्याला हात लावला तर लगेच कळतं. कौसाबाईंना ते पसंत नव्हतं.

"आता बेल वाजवायसाठी उघडतेत," त्या म्हणाल्या. तरी त्या जागा बदलून मागच्या बाकावर, दाराला लागून बसायला लागल्या आहेत, असं नव्या ड्रायव्हरने सांगितलं.

मला ठपका बसला. खात्याच्या भाषेत ठपका म्हणजे, तुमचं चुकलं आणि आम्ही ते लिहून ठेवलं. सर्व्हिस बुकात लाल शाईने एक ओळ आहे. नंतर बदलीही झाली, दोन जिल्ह्यांतल्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात. रहीमभाई आता गाडी उचलायच्या आधी आत चढतो, सगळ्या सीटांखाली वाकून बघतो आणि मगच दोरी बांधतो. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

आमच्या तपासणीच्या फॉर्मात एक रकाना आहे: 'आपत्कालीन दार'. समोर दोनच पर्याय, 'आहे' आणि 'नाही'. मी त्या उन्हाळ्यात प्रत्येक बसला 'आहे' लिहिलं होतं, आणि त्यात एकही खोटं नव्हतं. दार प्रत्येक बसला होतं.

आता मी आत बसतो, पुढचं दार बाहेरून धरायला लावतो, आणि मागच्या दाराने उतरतो. पोट आडवं येतं, गुडघे कुरकुरतात, मालक लोक व्हिडिओ काढतात. उतरल्यावर फॉर्म घेतो, 'आहे' आणि 'नाही' दोन्ही तसेच सोडतो आणि बाजूला पेनाने लिहितो: 'उतरलो'. ऑडिटवाल्यांनी याबद्दल दोनदा खुलासा मागवला आहे. मी त्यांना तपासणीच्या दिवशी या म्हणून कळवलं. अजून कोणी आलेलं नाही.